ग्रेग इगन: वही-पेन घेऊन बसायची तयारी असेल तरच

इगनच्या 'डायस्पोरा' या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी चौथ्या प्रयत्नात पार केलं हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कौतुक वाचून कुणी थेट तेच पुस्तक मागवायचं आणि मग मला शिव्या घालायच्या. पहिल्यांदा लोकलमध्ये उभ्याने सुरू केलं, डोंबिवली ते ठाणे तीन पानं झाली आणि कळलं एवढंच की कोणीतरी जन्माला येतंय, कोण, कुठे, कसं, काही पत्ता नाही. दुसऱ्यांदा रात्री झोपताना घेतलं, ती तर सरळसरळ चूकच होती. तिसऱ्यांदा चिडून ठेवून दिलं. चौथ्यांदा एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर टेबलावर, शेजारी वही घेऊन, बारावीच्या फिजिक्सला बसायचो तसा बसलो, आणि मग दुपारी जेवायला दोनदा हाका माराव्या लागल्या.

तर हा रिव्ह्यू एका पुस्तकाचा नाही, ग्रेग इगनची मी गेल्या सहा-सात वर्षांत जेवढी पुस्तकं वाचली त्या सगळ्यांचा मिळून आहे. माणूस ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, जन्म १९६१, गणितात डिग्री, प्रोग्रॅमर म्हणून नोकऱ्या केलेल्या. आणि इतका अलिप्त की नेटवर त्याचा एक फोटो नाही, सर्च केलं की भलत्याच ग्रेग इगन नावाच्या लोकांचे चेहरे येतात आणि यातला मी कोणीच नाही हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पुस्तकांवर सही करत नाही, संमेलनांना जात नाही. आपल्याकडे पहिला कवितासंग्रह आला की कवी चौकात फ्लेक्स लावतो, त्यामुळे मला तर हे वाचूनच निम्मा माणूस आवडला.

इगन लिहितो ती हार्ड सायन्स फिक्शन, म्हणजे अशी विज्ञानकथा ज्यात लेखक एकदा नियम ठरवला की मग अडचण आली म्हणून मागच्या दाराने पळ काढत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना याची ओळख नारळीकरांनी करून दिली, मी सातवीत लायब्ररीतून आणलेलं 'यक्षांची देणगी' परत करायला तीन आठवडे लावले होते. पण नारळीकर हाताला धरून नेतात, मध्ये थांबून समजलं का विचारतात. इगन विचारत नाही. तो वळणावरून पुढे गेलेला असतो आणि आपण धापा टाकत मागून.

मग वाचायचं कशाला? माझ्यापुरतं उत्तर त्याच्या कथांमध्ये आहे, कादंबऱ्यांच्या आधी. १९९५चा 'ॲक्झिओमॅटिक' हा संग्रह घ्या. त्यातल्या त्याच नावाच्या कथेत एक दुकान आहे, तिथे मेंदूतले बदल विकत मिळतात, नाकातून आत सोडायचे, झालं. कुणाला देवावर श्रद्धा हवी असते, कुणाला अजून काही. गोष्ट सांगणाऱ्याची बायको बँकेवरच्या दरोड्यात मारली गेलीय आणि मारणारा सुटून मोकळा फिरतोय, याला बदला घ्यायचाय पण माणसाचा जीव घेणं वाईट हे याच्या आत इतकं घट्ट बसलंय की हातून होणार नाही, म्हणून तो दुकानात जाऊन तीन दिवस टिकेल असा इम्प्लांट घेतो ज्याने माणसाच्या जिवाची किंमत वाटेनाशी होईल. दुसरा कुठला लेखक असता तर त्या इम्प्लांटची चिप, कंपनी, पोलीस, पाठलाग असं सगळं रंगवत बसला असता, इगनला यातलं काही नको असतं, त्याला एवढंच बघायचं असतं की असा बदल करायची सोय खरोखर झाली तर ती करून घेणाऱ्याला आतून कसं वाटेल.

'लर्निंग टू बी मी' ही त्याच संग्रहातली माझी सगळ्यात लाडकी. त्यात लहानपणीच प्रत्येकाच्या कवटीत एक छोटा कम्प्युटर बसवतात, लोक त्याला ज्वेल म्हणतात. तो आयुष्यभर तुमच्या मेंदूची नक्कल शिकत असतो, मेंदू काय ठरवतो आणि ज्वेल काय ठरवतो हे सतत ताडून बघितलं जातं, फरक पडला की ज्वेलला दुरुस्त करतात, असं करत करत विशी-तिशीपर्यंत दोघांत काहीच फरक उरत नाही. आणि मग लोक तिशीच्या सुमारास मेंदू काढून टाकतात, कारण मेंदू म्हातारा होतो, ज्वेल होत नाही. बायको-मुलांना फरक कळत नाही, ऑफिसात कळत नाही. ज्याला कळायला हवा तो शिल्लक आहे का, हे मात्र बाहेरून तपासायचा काही मार्ग नाही. वीसएक पानांची गोष्ट आहे, शेवट सांगत नाही, पण वाचल्यावर मी बराच वेळ बेसिनच्या आरशासमोर ब्रश तोंडात धरून उभा होतो.

आता घरातलं थोडं. माझ्या थोरल्या काकांना पार्किन्सन्स आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या औषधांत एक नवीन गोळी वाढवली, हाताचा थरथराट बराच कमी झाला, सगळे खूश. आणि हे काका म्हणजे दिवाळीत पत्ते खेळताना एक रुपयासुद्धा न लावणारे, चहाच्या टपरीवर मोजून सुट्टे देणारे, त्यांना लॉटरीचा नाद लागला. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून जायचे आणि तिकिटं घेऊन यायचे. काकूला तांदळाच्या डब्यात तिकिटांची पुडकी सापडली तोपर्यंत चाळीसेक हजार गेले होते. डॉक्टरांना सांगितल्यावर ते लगेच म्हणाले की डोपामिनसारखं काम करणाऱ्या या प्रकारच्या गोळ्यांनी काही पेशंटना असं होतं, हे माहीत असलेलं आहे, गोळी हळूहळू बंद करू. केली. काही आठवड्यांत नाद गेला, जणू कधी नव्हताच. मी काकांना नंतर विचारलं की तेव्हा कसं वाटायचं, कोणीतरी आतून ढकलतंय असं का. तर म्हणाले, "छे रे, मला मनापासून घ्यावंसं वाटायचं. माझंच मन होतं ते."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी इगनची 'रीझन्स टू बी चिअरफुल' वाचली, १९९७ची गोष्ट आहे, 'ल्युमिनस' संग्रहात मिळेल. बारा वर्षांचा मार्क अचानक प्रचंड आनंदी राहायला लागतो, प्रत्येक गोष्टीत आनंद, आणि कारण निघतं मेंदूतली गाठ, त्या गाठीमुळे आनंदाचं रसायन धो धो वाहतंय. उपचाराने गाठ बरी होते पण त्यासोबत आनंद झेलणाऱ्या पेशीही मरतात, मग पुढची अठरा वर्षं नुसता काळोख. नंतर एक प्रयोग होतो, मेलेल्या चार हजार लोकांच्या मेंदूंच्या नोंदींवरून बनवलेलं एक कृत्रिम जाळं त्याच्या डोक्यात बसवतात. आणि त्याला सगळंच आवडायला लागतं, कुठलंही गाणं लावा, कुठलंही चित्र दाखवा, सारखंच छान, कारण चार हजार लोकांतल्या कुणाला ना कुणाला ते आवडत होतं. शेवटी त्याच्या हातात कंट्रोल देतात की कुठली गोष्ट किती आवडावी हे तूच ठरव.

बस. यापेक्षा भयंकर टेक्नॉलॉजी मी कुठल्या कथेत वाचलेली नाही, आणि यात एक बंदूक नाही, एक दुष्ट रोबो नाही. तो मार्क बसून ठरवतोय की मला कोणतं संगीत आवडावं, आणि ठरवायचं तरी कशाच्या आधारावर, कारण ठरवणारी आवडही तिथूनच येणार. काकांची गोळी आम्ही बंद करायला लावली तेव्हा आम्हीही तेच केलं ना, त्यांच्या आवडीचा एक खटका खाली केला. योग्यच केलं, चाळीस हजार म्हणजे चेष्टा नाही. पण इगनमुळे ते निदान दिसलं तरी.

आता मोठ्या कादंबऱ्या. 'क्वारंटाइन' १९९२ची, २०३४ साली एका रात्री आकाशातले सगळे तारे गायब होतात, कोणीतरी आख्ख्या सूर्यमालेभोवती काळा बुडबुडा घातलाय, आणि त्यानंतर तीसेक वर्षांनी एक डिटेक्टिव्ह हॉस्पिटलमधून हरवलेली बाई शोधतोय. सुरुवात मस्त थ्रिलरसारखी, मग क्वांटम फिजिक्स सुरू होतं. त्या डिटेक्टिव्हच्या डोक्यात मेलेल्या बायकोची एक सॉफ्टवेअर आवृत्ती आहे, ती असल्यामुळे त्याला दुःख होतच नाही, आणि दुःख होत नाही याचंही वाईट वाटत नाही. पुढे एक कंपनी त्याच्या डोक्यात स्वतःवरच्या निष्ठेचं सॉफ्टवेअर टाकते. त्याला पक्कं माहितीय की ही निष्ठा बाहेरून घातलीय, तरी निष्ठा ती निष्ठाच. परत काकाच आठवले.

'पर्म्युटेशन सिटी' १९९४ची, हिला पुढच्या वर्षी विज्ञानकादंबऱ्यांसाठीचा कॅम्पबेल स्मृती पुरस्कार मिळाला. इथे माणसं मरण्याआधी मेंदू स्कॅन करून घेतात आणि कम्प्युटरवर कॉपी म्हणून जगतात. पण, आणि हे मला फार आवडलं, कम्प्युटर स्वस्त झालेले नाहीत. चांगल्यातली चांगली कॉपीसुद्धा खऱ्या माणसापेक्षा सतरा पट हळू चालते, म्हणजे बाहेर सतरा तास गेले की आत एक. जगभरची कम्प्युटिंग पॉवर बाजारात भाव लावून विकली जाते, श्रीमंत मेलेले ट्रस्टच्या व्याजावर जोरात चालतात आणि गरीब मेलेले भाव उतरायची वाट बघत रडतखडत. १९९४ साली आपल्यासाठी क्लाउड हा शब्द आकाशापुरताच होता राव, आणि हा माणूस सर्व्हरच्या भाड्यावर स्वर्ग चालवत होता.

त्यातला एक प्रसंग सांगतो, कळला तर पुस्तक कळलं. पॉल डरहॅम आपल्याच कॉपीला आत एक ते दहा आकडे मोजायला लावतो. आधी नीट क्रमाने. मग कम्प्युटर तिची स्थिती तुकड्या-तुकड्यांत, मध्ये मोठी भोकं सोडून काढतो. मग क्रमच पिसून टाकतात, आधी सातचा क्षण, मग दोनचा, मग नऊचा. आणि कॉपीला विचारलं तर ती म्हणते, मला काय, मी एक-दोन-तीन असंच मोजलं. आम्ही गणपतीत पडद्यावर पिक्चर बघायचो तेव्हा ऑपरेटरने एकदा रिळं उलटसुलट लावली होती, हिरो आधी मेला आणि मग कॉलेजात गेला, सगळं मैदान ओरडत होतं, पण रिळातल्या हिरोला त्याचं काय? त्याचं आयुष्य त्याच्यापुरतं सरळच चाललं होतं. इगन इथून पुढे जातो आणि म्हणतो की मग रिळं लावणारी मशीन तरी कशाला हवी, विश्वात विखुरलेल्या धुळीच्या कणांतूनही असा एखादा क्रम आपला आपण जुळू शकेल. मला हे पटलं नाही. पण का पटलं नाही हे धड सांगताही आलं नाही, वहीत चार पानं लिहून शेवटी खोडली.

याच पुस्तकात पीअर नावाचं पात्र आहे, अमर झालेलं. अमर माणसाचा प्रॉब्लेम कंटाळा, तर यावर त्याने उपाय काढलाय की अधूनमधून आपोआप आपल्याला नवीन वेड लागेल अशी सोय करून ठेवायची. मग तो टेबलाचे पाय घडवत बसतो. लाकडाचे. हजारो. प्रत्येक पाय घडवताना मनापासून खूश. अमरत्वावरची एवढी भीतीदायक आणि विनोदी पानं मी दुसरीकडे वाचलेली नाहीत, यासाठी तरी पुस्तक घ्याच.

आता ते 'डायस्पोरा', १९९७चं. तिसाव्या शतकाच्या शेवटाकडे एका सॉफ्टवेअरच्या शहरात आईबापाविना एक मन तयार होतं, त्याचं नाव यातिमा. पहिलं प्रकरण म्हणजे ते मन कसं तयार होतं त्याचं स्टेप बाय स्टेप वर्णन, अगदी 'मी' हा शब्द पहिल्यांदा उमटेपर्यंत. मी तीन वेळा अडकलो तो हाच भाग आणि आता विचाराल तर पुस्तकातला सर्वोत्तम भागही हाच. गंमत म्हणजे या लिंग नसलेल्या पात्रांसाठी इगनला इंग्रजीत वेगळीच सर्वनामं वापरावी लागली, व्ही, व्हिस, व्हर अशी. मराठीत आपलं 'ते' तयारच आहे, ते मूल तसं ते यातिमा. फक्त कुणाला वाटायचं की यातिमासाहेबांना आदराने बोलतोय.

पुढे शंभर प्रकाशवर्षांवरचे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्यांचे प्रचंड दाट गोळे, एकमेकांभोवती फिरताना दिसतात, थिअरीप्रमाणे लाखो वर्षं अजून फिरायला हवेत, पण गुरुत्वलहरी, म्हणजे अशा जड गोष्टी फिरल्या की अवकाशातच उठणाऱ्या लहरी, पकडणाऱ्या चंद्रावरच्या यंत्रावर कळतं की कक्षा भलत्याच वेगाने आकसतेय, काही दिवसांतच धडक आणि मग गॅमा किरणांचा असा मारा की पृथ्वीवरच्या हाडामांसाच्या माणसांचं काही खरं नाही. सॉफ्टवेअरवाले दोघं रोबोच्या शरीरात बसून त्यांना सांगायला जातात, तर लोक म्हणतात हा तुमचा आम्हाला कम्प्युटरमध्ये ओढायचा डाव आहे. मी हे लॉकडाऊनमध्ये वाचलं, पुढे काही बोलत नाही. पुस्तक आलं तेव्हा गुरुत्वलहरी थेट कुणीच पकडल्या नव्हत्या. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक खरोखर पकडली ती १७ ऑगस्ट २०१७ला, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची, आणि लहरींमागोमाग दोन सेकंदांच्या आत गॅमा किरणंही आली. आता गुरुत्वलहरी पकडणारी तसलीच लायगो नावाची वेधशाळा आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ होणारे, २०२३ला केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. मी मावशीकडे त्या भागात लहानपणी सुट्टीत जायचो, नागनाथाचं देऊळ आणि उसाचा रस एवढीच ओळख होती. तिथे आता ताऱ्यांच्या धडका ऐकायच्या म्हणजे इगनच्या पानातून काहीतरी निसटून परभणी रोडला लागल्यासारखं वाटतं.

नंतर पुस्तकात एका परग्रहाच्या समुद्रात तरंगणारे गालिचे भेटतात, कडा जुळल्याशिवाय शेजारी न बसणाऱ्या फरशांसारखे वाढणारे. हाओ वांग या गणितज्ञाने १९६१मध्ये अशा फरशांचा विचार मांडला होता आणि अशा फरशांनी अख्खा कम्प्युटर बनवता येतो हे सिद्ध झालेलं आहे. इगनने ते नुसतं पाण्यात सोडलं. त्या गालिच्यांत काय चाललंय ते तुम्हीच बघा. नंतरचा शेवटचा एक तृतीयांश भाग मात्र मितींमागून मिती, विश्वांमागून विश्व, माझा दम संपला आणि मी शेवटची साठ पानं खरं सांगायचं तर चाळली.

तक्रारी आहेतच. पात्रं बोलतात तेव्हा बऱ्याचदा एकच माणूस स्वतःशी वाद घालतोय असं वाटतं. 'ऑर्थोगोनल' ही २०११ ते २०१३ मधली तीन पुस्तकांची मालिका बघा. आपल्या विश्वात अवकाश-काळाचं अंतर काढताना काळाच्या वर्गाला उणे चिन्ह लागतं, याने त्या जागी अधिक टाकलं आणि मग काय काय बदलेल ते तीन पुस्तकं काढत बसला. प्रकाशाला एकच वेग उरत नाही, वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने येतात त्यामुळे तारा म्हणजे ठिपका नाही तर रंगीत रेघ, आणि प्रवासाला गेलेल्या माणसाचा वेळ घरच्यांपेक्षा जास्त जातो, आपल्या आइनस्टाइनच्या बरोब्बर उलट. कल्पना म्हणून साष्टांग नमस्कार. पण पानोपानी आकृत्या काढून पात्रं एकमेकांची शिकवणी घेतात, मला क्लासच्या फीची पावती मिळेल की काय वाटायला लागलं. पहिलं पुस्तक पूर्ण केलं, दुसरं अर्धवट आहे, तिसऱ्याला हात लावलेला नाही.

१९९९चं 'टेरानेशिया' याच्या अगदी उलट, सोपं. यात नायक प्रबीर हा कलकत्त्याच्या शास्त्रज्ञ जोडप्याचा मुलगा, इंडोनेशियातल्या निर्मनुष्य बेटावर फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्या आईबाबांसोबत वाढलेला. परदेशी लेखकाने भारतीय घर लिहिलं की धूप आणि हत्ती येतात, इथे बुद्धिवादी, देव न मानणारे, पोरांशी नीट बोलणारे आईबाप आहेत, आणि धाकट्या बहिणीची काळजी करून करून पोखरून निघालेला भाऊ आहे. पहिली शंभरेक पानं तर रडवतात. शेवट मात्र गडबडीत गुंडाळलाय, जीवशास्त्राचं कोडं सुटतं आणि माणसं वाऱ्यावर. ज्यांना इगन कोरडा वाटतो त्यांनी हे वाचा आणि शेवटाला माझ्यासारखेच चिडा.

अजून एक, कारण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १, २, ३ या आकड्यांच्या सगळ्या मांडण्या (१२३, १३२, २१३ वगैरे) एका ओळीत सलग सापडतील अशी सगळ्यात छोटी ओळ कोणती? १२३१२१३२१. नऊ आकडे, मोजून बघा. आकडे वाढले की हे भयानक अवघड होतं. तर किमान किती लांबी लागेलच याचा एक पुरावा २०११ साली कुणी निनावी माणसाने एका ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचे, भाग कुठल्या क्रमाने बघायचे या चर्चेत टाकून दिला होता, आणि जास्तीत जास्त किती पुरेल ही बाजू २०१८मध्ये आपल्या इगनने सुधारली. एक बिननावाचा, एक बिनफोटोचा. कथालेखक फावल्या वेळात गणितात खरी भर घालतोय, त्यामुळे त्याच्या पुस्तकात आकडेमोड आली की मी आता निमूट वही उघडतो.

घेण्याबद्दल. छापील प्रती आपल्याकडे बाहेरून येतात, महाग पडतात आणि वेळ लागतो, मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनं 'ल्युमिनस' घेतलं तर मधली सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब, परत घ्यायला नकार. पिसलेल्या क्रमाने वाचा असं सांगायचं असेल त्यांना. तेव्हापासून ई-बुकच घेतो. शिवाय इगनच्या स्वतःच्या साइटवर काही कथा फुकट आहेत आणि कादंबऱ्यांमागचं गणितही मांडून ठेवलंय, आधी त्यातली एखादी कथा वाचा, डोकं दुखलं तर पैसे वाचले. सुरुवात 'ॲक्झिओमॅटिक'ने, मग 'पर्म्युटेशन सिटी', मग हिंमत असेल तर 'डायस्पोरा'. माझ्याकडून कथांना पाचपैकी पाच, कादंबऱ्यांना साडेतीन, 'पर्म्युटेशन सिटी'ला टेबलाच्या पायांसाठी अर्धा जास्त.

मागच्या महिन्यात काकांकडे गेलो तेव्हा टॅबवर हेच वाचत बसलो होतो, त्यांनी विचारलं काय एवढं वाचतोस, मग मार्कची गोष्ट सांगितली, गाठ, काळोख, ते चार हजार मेंदू आणि शेवटी हातात आलेला कंट्रोल. काका सगळं शांतपणे ऐकत होते, हात मांडीवर दाबून धरलेला. मग काकू आत गेलीय ना ते बघून हळूच म्हणाले, "मग त्याने लॉटरी कितीवर ठेवली?"